कशावरून तू जसिंता?

साठे सरांच्या क्लासला मी पहिल्यांदा गेले ती दारातच अडकले. म्हटलं, "सर, मी जसिंता." चष्मा कपाळावर ढकलत त्यांनी विचारलं, "कशावरून?" आता यावर माणसानं काय उत्तर द्यायचं? माझं नावच जसिंता आहे, असं मी सांगितलं. "ते नाव झालं. पण ती तूच, हे कशावरून?" सांडोरहून बसनं धक्के खात आलेली मी, केस विस्कटलेले, हातात सरांसाठी वाडीतल्या केळ्यांची फणी. मला वाटलं, चुकून पोलीस चौकीत आले. केळी मात्र त्यांनी काही न विचारता घेतली.

सर मुंबईच्या एका कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यातून निवृत्त झालेले. वसई रोडला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. तिथल्या हॉलमध्ये चार कॉम्प्युटर मांडून ते डेटाबेस शिकवत. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, जो तो कॉम्प्युटर शिकायला धावत होता, सगळ्यांच्या मागोमाग मीही धावले. पहिला महिनाभर मला काडीचंही कळलं नाही, हे आता सांगायला हरकत नाही.

डेटाबेस म्हणजे काय, असं विचारलं की सर थेट आपल्या उमेदवारीत जायचे. "तेव्हा भोकं पाडलेली कार्डं होती. हजेरीचा प्रोग्राम वेगळा, रजेचा वेगळा, दोघांच्या फायली वेगळ्या. एकच माणूस एका फायलीत दादरला राहायचा आणि दुसरीत ठाण्याला. खरा कुठं राहतो ते त्याच्या बायकोला विचारा!" मग सगळी माहिती एका जागी ठेवून तिच्यावर एक राखणदार नेमायची कल्पना निघाली. तो राखणदार म्हणजे डीबीएमएस. इथवर मी कशीबशी पोचायची.

एकदा मी केळ्यांचा आख्खा घड नेला. सरांनी तो टेबलावर ठेवला. "हा बघ माहिती मांडायचा पहिला नमुना. दांड्याला फण्या, फणीला केळी. वरून खाली एकच वाट, आणि प्रत्येक केळ्याला फणी एकच."

"बरोबर आहे की, सर."

"कसलं बरोबर? तू सांडोरची, आणि माझ्या क्लासातलीही. तुला दोन फण्यांना कसं लटकवू?"

म्हणून पुढच्यांनी, सर सांगत होते, इकडून तिकडे दोऱ्या बांधल्या. काम भागलं, पण कुठली दोरी कुठं जाते हे बांधणाऱ्यालाच ठाऊक. "शेवटी एकाला सुचलं, दोऱ्या सोडून द्या, साधे तक्ते करा. या तक्त्यातली ओळ त्या तक्त्यातल्या ओळीची कोण लागते, ते खुणेवरून ओळखा. तुम्ही फक्त काय हवं ते मागा, कुठून आणायचं ते राखणदार बघेल." मग बोट वर करून, "पण खूण पक्की हवी. नाहीतर, कशावरून?" त्यानंतर आम्ही तो पहिला नमुना खाऊन टाकला. माझ्या डोक्यातला गुंता तेवढा शिल्लक राहिला.

कोर्स कसाबसा संपला आणि गावच्या फादरांनी मला बोलावलं. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्यांना वाळवी लागली होती. "शिकलीस ना? मग कॉम्प्युटरवर उतरवून काढ," ते म्हणाले. आमच्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे नुसत्या नावावर भागणार नाही एवढी अक्कल मला होती. मी नाव, बापाचं नाव आणि आईचं नाव अशी तिहेरी खूण केली आणि स्वतःवर भलतीच खूश झाले. काही नोंदी मात्र यंत्र घेईना. 'ही नोंद आधीच आहे,' म्हणे. जुन्या कारकुनानं दोनदा उतरवलं असणार, असं ठरवून मी त्या गाळल्या. तारखा जुळत नव्हत्या, तो दोषही कारकुनाच्याच माथी मारला. गाळलेल्यांत एक नोंद माझीच होती. मला हसूही आलं. वहीच्या कडेचे शेरे मी उतरवले, पण टायपिस्टसारखे, वाचले नाहीत.

पुढच्याच वर्षी माझं लग्न ठरलं. नवरा दुसऱ्या धर्मग्रामातला, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीतला, त्यामुळे तिथं माझा बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता, तोही शनिवारपर्यंत. रविवारी त्यांच्या चर्चमध्ये लग्नाची घोषणा व्हायची होती. फादरांनी माझ्याच प्रोग्राममधून दाखला छापला. आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जन्म दोन वर्षं आधीचा, आणि खाली शेरा, 'आठव्या दिवशी मृत.'

"हा कसा देऊ गं मी?" फादर म्हणाले.

मी सरांकडे धावले. ते दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन सांडोरला आले. वाळवीनं जाळी केलेली पानं मऊ ब्रशनं झाडत त्यांनी दोन्ही नोंदी शोधल्या. तेच नाव, तेच आईबाप, मध्ये दोन वर्षं.

"दुबार आहे, सर. कारकुनाची चूक."

"कशावरून?"

मी कॉम्प्युटरकडे वळले. सर म्हणाले, "हे यंत्राला नाही विचारायचं. घरी विचार."

आय वाडीत वालाच्या शेंगा तोडत होती. सर बांधावरच थांबले. मी कागद दाखवला. तिनं मान वर केली नाही. "ती पयली. आठ दिवसांची गेली. मग तू आलीस. नाव तरी घरात राहू दे म्हणून तेच ठेवलं."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू तरी कधी विचारलंस?"

मला राग आला, रडू आलं, आणि लाजही वाटली. जिवंत असलेल्या मलाच मी गाळून टाकलं होतं आणि ठेवलं होतं तिला. की एवढी वर्षं तिच्या नावावर मीच राहत होते? अजून कळत नाही. सर जवळ येऊन हळूच आयला म्हणाले, "तिच्या नोंदीलाही तिचा वेगळा नंबर देऊ हां, बाई." आयनं शेंगांची टोपली खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

शुक्रवारी दिवसभर आम्ही चर्चच्या ऑफिसात बसलो. प्रत्येक नोंदीला एक नंबर दिला, जो पुन्हा कोणालाच मिळणार नाही असा. गाळलेल्या ओळी परत घेतल्या. त्यांतल्या दोन खरंच दुबार निघाल्या. कडेचे शेरे वाचले तर बाकीच्या सगळ्या अशाच, गेलेल्या लेकराच्या मागून त्याचं नाव घेऊन आलेल्या. सर एकेक नाव मोठ्यानं वाचत होते, आणि त्या दिवशी त्यांनी एकदाही 'कशावरून' विचारलं नाही. शनिवारी मला माझा दाखला मिळाला, माझ्या नंबरासकट.

काही वर्षांनी सर आजारी असल्याचं कळलं, म्हणून हॉस्पिटलात गेले. माणसं ओळखत नाहीत, असं त्यांच्या मुलीनं दारातच सांगितलं. डोळे मिटलेले, चष्मा उशाशी. मी केळ्यांची फणी कपाटावर ठेवली आणि म्हटलं, "सर, मी जसिंता." प्रश्न ठाऊक होता, उत्तर मात्र इतक्या वर्षांत तयार झालं नव्हतं.

सरांनी उशाशी चष्मा चाचपला. मग विचारलं, "कितवी?"

"दुसरी, सर."

"हां," ते म्हणाले, "मग बस."