गुरुवारी शेड बंद होतं

बुधवारी दुपारी आमी दोघं गवार मोडत बसलो व्हतो. ही स्वयंपाकघरात खुर्चीवर, मी खाली फरशीवर. "शिरा काढा की नीट. दोर वळायचेत का त्याचे?" म्हणाली. आमचं घरातलं शेवटचं काम ते. संध्याकाळी तिला धाप लागली, ओठ निळे पडले, आन् दवाखान्यात न्यावं लागलं.

मी सातवी शिकलेला माणूस, चुका पोटात घाला. भुताखेतावर माझा काडीचा इश्वास नव्हता. कुणी असलं सांगाय लागलं की मी इचारायचो — आधी काय प्यायला व्हतास ते सांग.

आमी चिंचवडला राहतो. चाकणला पत्रा ठोकायच्या प्रेस शॉपमधी माझा जन्म गेला, त्यातच कान बी निम्मे गेले. तिथं मशीन पायाला कळती, ठोका पडला की तळव्याला हादरा. घरी बी तीच तऱ्हा. मला बोलवायचं असलं की ही फरशीवर टाच दोनदा आपटायची... धप, धप. मी बाहेरच्या खोलीत असलो तरी कळायचं. हृदयाचा व्हॉल्व्ह खराब झाल्यापासनं तर हाक मारायचा दमच नव्हता तिच्यात. मोठं ऑपरेशन ठरलं व्हतं, पण फुफ्फुसातलं पाणी उतरल्याबिगर डॉक्टर हात लावत नव्हते. पाय सुजून खांब झालेले. प्यायचं पाणी बी बेतानंच. तहानली की माझ्यावर डाफरायची.

गुरुवारी दुपारी माझी लेक संगी म्हणाली, "आण्णा, मी हाय हितं. तुमी घरी जाऊन आंघोळ करा, आईचे कपडे आणा."

घरी आलो. अनवाणी उभा राहून पिशवी भरत व्हतो... आन् तळव्याला ठोके आले. धप, धप.

तोंडातनं निघून गेलं, "आलो गं." स्वयंपाकघराच्या दारापतुर गेलो बी. खुर्ची रिकामी.

मग भान आलं. म्हणलं, घरामागं शेजारच्या दत्ताचं कारखान्याचं शेड हाय, त्याच्या प्रेसचा हादरा असंल. पुन्हा धप, धप. मागची खिडकी उघडली तर शटरला कुलूप. गुरुवार... आमच्याकडं कारखान्यांना सुट्टी, लाईट बी गेलेली. डोक्यावरचा पंखा बंद. मशीन चालणार कशावर?

संगीला फोन लावला, स्पीकर कानाला दाबला. "आई झोपलीय, आण्णा. डॉक्टर आत्ताच बघून गेले. बरंय म्हणाले."

ती बोलत असतानाच पुन्हा आले. ह्या खेपेला खुर्चीकडनं न्हाई — माझ्या दोन पायांच्या मधनं. पिशवी तिथंच टाकली आन् रिक्षा धरली.

वॉर्डात पोचलो तर ही जागी. नाकाला ऑक्सिजन. ओठ हलले म्हणून कान तिच्या तोंडाशी नेला.

"कवाची टाच आपटतीय मी... ऐकू येईना व्हय?"

संगी म्हणाली, "झोपेतलं बोलतीय, आण्णा. पाय उचलायची ताकद कुठाय तिला? मीच उशीवर ठेवलेत, हललेत का बघा."

मी इचारलं, "काय पायजे व्हतं गं?"

"पाणी."

ते द्यायची परवानगी नव्हती. नर्सनं कापूस भिजवून दिला, तो ओठाला लावत बसलो. दिवेलागणीला गेली. ऑपरेशनपतुर पोचलीच न्हाई.

संगी म्हणती, तुमच्या पायाला सवय, सगळा डोक्याचा खेळ. असंल. पण मग मला घरात ठोके आले ते हिला दवाखान्यात कसं ठावं? खरं सांगतो, भ्या वाटतं. अजून मी घरात चप्पल काढत न्हाई.

शुक्रवारी सकाळी दत्ता दारात येऊन उभा राहिला. "काका, काकी गेल्या. आज शेड बंद ठेवतो."

"बंद ठिवू नगंस."

"अहो, मयताच्या घरामागं मशीन चालवू? लोकं शेण घालतील तोंडात."

"लोकांचं मी बघतो. तू मशीन लाव. पायाला ठोका आला तर तो तुझ्या मशीनचा हाय, एवढं मला कळू दे."

त्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी त्याला दंडाला धरून मागं नेलं, शटर माझ्या हातानं वर केलं, आन् पहिला ठोका पडंस्तोवर तिथनं हललो न्हाई.