तेराव्या भागाची नोंद

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, चेटकीण होऊन मीच गावाला पळवलंय... मी कोणाला भिणार? पण एका नोंदवहीपुढे माझी वाचा बसते — आणि माझी वाचा सहसा बसत नाही!

आमचं गाव नागभीडपासून दोन कोसांवर. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. पंचायतीत बॅटरीवरचा एकच रेडिओ. त्यावर दर गुरुवारी तेरा भागांची एक श्रुतिका चालली होती — मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून मुलीला हाकलणाऱ्या नावाड्याची.

तळ्यावर जाळं टाकणारे डोमाभाऊ प्रत्येक भाग वहीत नोंदवायचे. भाग कितवा, काय घडलं... आणि शेवटच्या रकान्यात 'कोणी सांगितलं'. स्वतः ऐकलं तर 'स्वतः', नाहीतर सांगणाऱ्याचं नाव. धानाच्या रोवणीमुळे ज्यांचा भाग चुकायचा, त्यांना ते वही वाचून दाखवायचे.

त्यांनीही लेकीला, सुमनला, असंच हाकललं होतं. ती कुरखेड्याकडे नांदत होती. बारावा भाग संपला तेव्हा म्हणाले, "तेराव्यात बाप काय करते ते पाहू. मंग मी बी ठरवीन."

बॅटरी नागभीडला नेऊन चार्ज करून आणायचं काम माझं. तेराव्या भागाच्या गुरुवारी तिथे दंडार होती. मी रंगलो, राहिलो... इकडे रेडिओ मुका!

शुक्रवारी सकाळी परतलो. डोमाभाऊ तापानं खाटेवर, भोवती अख्खं गाव.

"काऊन गा सदूभाऊ, बॅटरी कुठी होती?"

"अरे, मी तिथंच आयकलो ना तेरावा भाग!" मी ठोकून दिलं.

डोमाभाऊ उठून बसले. "मले सांग... बापानं दार उघडलं का नाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला चेव आला. मी उभा राहिलो, हात फेकला — "नाई! तू मले मेली!" — आणि हवेत कडी लावली. लोक हळहळले. वाहवा झाली. डोमाभाऊ भिंतीकडे वळले.

आठ दिवसांनी ते गेले. सुमन पोहोचली ती अग्नी दिल्यावर. वही घेऊन माझ्याकडे आली. "वाचून दाखवा ना काका."

तेरावा भाग. अक्षर डोमाभाऊंचंच, तारीख शुक्रवारची. 'बाप स्वतः नाव वल्हवत पलीकडच्या काठाला लेकीकडे गेला. म्हणाला, पोरी, दार कधी लावलंच नव्हतं.' शेवटच्या रकान्यात — सदूभाऊ.

सुमन माझ्या पाया पडली. "तुमच्यामुळं बाबाचं मन निवलं जी." मी वही मिटून तिच्या हातात दिली.

वाटलं, बिचाऱ्यानं मनानंच लिहिलं असेल. पण पुढे नागपुरात साडूकडे गेलो, त्यांनी ती श्रुतिका ऐकली होती. शेवट विचारला. नाव, पलीकडचा काठ, ते वाक्य... शब्दाला शब्द तोच!

गावात दुसरा रेडिओ नव्हता. त्या शुक्रवारी माझ्याशिवाय बाहेरून कोणी आलं नव्हतं. घरोघर विचारलं, सगळ्यांनी माझाच शेवट ऐकलेला. मग डोमाभाऊंना हे कोणी सांगितलं? मला आजही उमगलेलं नाही.

वहीत मात्र माझं नाव आहे. आणि सुमनला मी अजून खरं सांगितलेलं नाही.