परीक्षेच्या दिवसाचा उपास

माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तेव्हा घरचे खूश झाले आणि मला रडू आलं. रागाचं रडू. डॉक्टरांनी सोनोग्राफी, रक्त, सगळं पाहून सांगितलं, आयबीएस आहे, म्हणजे आतडी चिडकी झालीत, टेन्शन घेऊ नको. आतडी चिडकी आहेत हे मला त्यांच्या आधीपासून ठाऊक होतं. टेन्शन कुठे नेऊन टाकायचं, तेवढं मात्र त्यांचं सांगायचं राहिलं.

कॉलेज गोंदियाला, घर तिरोड्याजवळच्या खेड्यात. सकाळची गाडी गाठायची तर पोटात चहाशिवाय काही नाही, दुपारी कॅन्टीनचा समोसा नाहीतर तर्री-पोहे, झोप अर्धवट, आणि मुलींच्या संडासात पाणी नाही म्हणून दिवसभर दाबून ठेवायचं. एवढं करूनही आतडी शांत राहिली असती, तर मीच त्यांना डॉक्टरकडे नेलं असतं.

परीक्षा आली की कळा सुरू व्हायच्या. त्यावर मी माझा उपाय काढला होता, आदल्या दुपारपासून काही खायचंच नाही. ताट तसंच परत गेलेलं पाहून आईने विचारलं, "उपास हाय का तुहा?" मी हो म्हटलं. आमच्याकडे मुलीने भूक नाही म्हटलं तर प्रश्नांवर प्रश्न येतात, उपास म्हटलं की एकही येत नाही. आईने ते गावभर केलं. शेजारच्या काकू कौतुकाने शेंगदाणे घातलेली साबुदाण्याची उसळ आणून द्यायच्या. तिचे चार घास खाल्ले तरी पोट पेटायचं, आणि मी त्यांच्यासमोर हसत बसायचे.

शेवटच्या वर्षाचा रसायनशास्त्राचा पेपर होता. तो निघाला की डिग्री, नाहीतर घरी बस. स्थळं यायला लागलीच होती. पेपर सुरू झाला आणि थोड्याच वेळात कळ आली. रिकाम्या पोटालाही कळ येते. मी हात वर केला. पर्यवेक्षक सर म्हणाले, "बाथरूम में ताला है. पेपर के टाइम नहीं खुलता." मुलं तिथे चिठ्ठ्या लपवतात म्हणून. चिठ्ठ्या मुलांच्या बाजूला सापडल्या होत्या, कुलूप दोन्हीकडे लागलं. मी पुन्हा हात वर केला. "सबको पेपर के टाइम ही लगती है," सर म्हणाले आणि मागची मुलं हसली.

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर, मला संडासला जायचंय. आजार आहे. कुलूप उघडा, नाहीतर मी इथेच बसते." हसणं थांबलं. सरांचे कान लाल झाले, आजार ऐकून नाही, संडास हा शब्द ऐकून. किल्ली लगेच आली. ती बाहेर बसलेल्या शिपायाच्या खिशातच होती, आणि मी आजवरचे सगळे पेपर दात आवळून लिहिले होते.

परत आले तेव्हा वेळ उरला होता. शेवटचा प्रश्न मला पहिल्या ओळीपासून येत होता. पण डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, पेन धरवेना. ते पान कोरं गेलं. पुढे निकालात पास व्हायला तेवढेच गुण कमी पडले. कुलपाचा राग सरांवर काढला, या पानाचा कुणावर काढायचा ते मला कळेना.

पेपरच्या त्या संध्याकाळी घरी येऊन मी आईला म्हटलं, "भात वाढ."

"आज उपास हाय नं तुहा?"

"नाही. कधीच नव्हता. पोटाच्या भीतीनं खाणं सोडलं होतं."

आई भाताची थाळी हातात धरून उभीच राहिली. मग म्हणाली, "अवं, तुह्या उपासाच्या भरोशावर मी नवस बोलली. आता देवीले काय सांगू?"

"देवीले सांग," मी म्हटलं, "पोरगी भुकी होती."