छपरीत ऐकलेले आणि जबाबात न लिहिलेले

अर्जदार : मयताची पत्नी. गैरअर्जदार : मयताचा थोरला भाऊ, म्हणजे हा मजकूर लिहिणारा मी स्वतः. घटनेचा दिवस : दिवाळीच्या आधीचा मंगळवार, सकाळच्या चहानंतर. ठिकाण : आमच्या घराची छपरी, म्हणजे पुढची पडवी, आणि तेथून जवळचा तलाव. साक्षीदार : एक, मयताची व माझी आई, वयाने थकलेली, कानाशी जाऊन बोलल्याशिवाय तिला ऐकू येत नाही. नावे मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ठाऊकच आहेत, आणि इतरांना नावांवाचून प्रकरण समजेल इतपत लेखन मला येते.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तरीही तुमसरच्या कचेरीसमोर बावीस वर्षे टेबल टाकून मी लोकांचे अर्ज लिहीत आहे. शिकलेले वकील माझ्या मसुद्यातला एखादा शब्द बदलतात, वाक्य बदलत नाहीत. पक्षकार रडत आला तरी मी आधी त्याला पाणी देतो आणि मग तीनच गोष्टी विचारतो : कोणी, केव्हा, कोणासमोर. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो मजकूर अर्जात घेत नाही. ज्याला साक्षीदार नाही ते घडलेच नाही असे धरून चाला, असे मी कितीतरी माणसांना समजावले आहे, आणि ती माणसे मान हलवून गेली आहेत.

आमचे घर तलावात मासे धरणाऱ्यांचे. मी कागदाकडे वळलो, धाकटा भाऊ डोंग्यावर, म्हणजे लहान नावेवर, राहिला. आमच्याकडे धाकट्याची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. मी छपरीत असलो की ती बाहेर येत नाही. पदर घेऊन दाराआड उभी राहते, सांगायचे ते सासूला सांगते, आणि सासू ते मला सांगते. शब्द माझ्या कानावर आधीच पडलेले असतात. परंतु आईने पुन्हा सांगेपर्यंत ते मी ऐकले नाहीत असे समजायचे, हा रिवाज. अकरा वर्षे आम्ही तो पाळला. आई बहिरी होत गेली, तरी रिवाज तसाच राहिला.

त्या मंगळवारी मी छपरीत बसून मच्छीमारांचा एक सामाईक अर्ज स्वच्छ अक्षरात उतरवीत होतो. आई माझ्या बाजूला बसून सुपातले तांदूळ निवडत होती. भाऊ खांद्यावर जाळे घेऊन उभा राहिला.

“दादा, तुह्या कागदानं मासोळी सापडत असन तं मी कायले पाण्यात उतरू?”

“चूप बस. ओळ चुकते माही.”

“चुकू दे ना. साहेब तसाबी वाचत नाही.”

तो हसत वल्हे आणायला मागच्या वाडीत गेला. ते हसणे मला लागले, हे लिहिणे भाग आहे. तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

“आत्याबाई, भासऱ्याले सांगा. परवा वावरात याइले मिरगी आली होती. तोंडाले फेस होता. कोणाले सांगू नको म्हनते. आज डोंग्यावर एकटं जाऊ देऊ नोका म्हना. माहं ऐकत नाही, त्याइचं ऐकतीन.”

आईने सुपातून मान वर केली नाही. दाराआडून तेच पुन्हा आले, जास्त मोठ्याने, शब्द तोडून तोडून. मी दोन्ही वेळा ऐकले. आईला कोपर लावून विचारता आले असते. मी विचारले नाही. आई सांगेल तेव्हा पाहू, असे मनाशी म्हणालो. आणखीही एक म्हणालो, ते आज पहिल्यांदा कागदावर येत आहे : माझ्या अक्षराला हसणारा माझ्या शब्दाने कशाला थांबेल, थांबायचे असेल तर आधी येऊन विचारू दे. भाऊ वल्हे घेऊन माझ्यासमोरून गेला. फाटकाची कडी लावताना त्याने मागे वळून पाहिले. मी ओळ पूर्ण केली.

दुपारी डोंगा रिकामा सापडला. भावाला सोबत्यांनी पाण्यातून वर काढले तेव्हा जाळे त्याच्या पायात गुरफटलेले होते.

पंचनाम्यासाठी आलेला हवालदार मला ओळखणारा. “तुमचं अक्षर चांगलं आहे, बाईंचा जबाब तुम्हीच उतरवा,” असे तो म्हणाला. भावाची बायको माजघरात बायकांच्या घोळक्यात बसलेली. तिला कोणी काही विचारले नाही. मी लिहिले : ‘मयतास कोणताही आजार असल्याची घरात कोणालाही पूर्वकल्पना नव्हती.’ मी फुली केली होती त्या जागी तिने सही केली.

तेरवीच्या दिवशी शेजारच्या वावरातला एक जण सहज बोलून गेला की, मिरगी त्याने डोळ्यांनी पाहिली होती. जेवणाऱ्यांचे हात थांबले. कोणीतरी ते आईच्या कानात सांगितले.

आईने सुनेला बोलावून कानाशी बसवले. “माह्या पोराले मिरगी येत होती, अन् तुले मालूम होतं?”

“सांगितलं होतं, आत्याबाई.”

“कोणाले?”

“छपरीत. तुमाले.”

“मी बहिरी. बहिरीले सांगतेस अन् सांगितलं म्हनतेस?”

आमचे चुलते म्हणाले, “अन् जबाबात तं कोणाले मालूम नव्हतं असं हाये. सही तुहीच ना, सूनबाई?”

छपरीत आणखी कोण होते, हे तिला सांगता आले असते. भासऱ्याचे नाव तिच्या तोंडी येऊ शकत नव्हते. कागदाचा खुलासा म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “जबाब म्हणजे जबाब.”

त्या दिवसापासून आई तिच्या हातचे पाणी घेत नाही. आता घरात असे ठरले आहे की, येत्या रविवारी तिचा भाऊ आसगावहून येईल, तिला माहेरी नेईल, आणि नऊ वर्षांची मुलगी आमच्याकडे राहील. ‘नवरा सांभाळला नाही, ते पोरगी का सांभाळन,’ हे चुलत्यांचे शब्द. मुलीला अजून कोणी सांगितलेले नाही.

काल दुपारी भावाची बायको बसने तुमसरला आली आणि माझ्या टेबलासमोरच्या पक्षकाराच्या स्टुलावर बसली. पदर डोक्यावर होता. आवाज नेहमीचाच होता, फक्त मध्ये दार नव्हते.

“भाऊजी, एक अर्ज लिहून द्या.”

शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट थांबला. माझ्या तोंडून सवयीने निघाले, “मजकूर काय?”

“मी सांगितलं होतं, असं लिहा.”

“कोणासमोर?”

“तुमच्यासमोर. दोनदा. दुसऱ्या खेपेले तुमचा पेन थांबला होता. मी फटीतून पाह्यलं.”

मी टेबलावरचे कागद सारखे केले. “आज गर्दी आहे. सोमवारी ये.” स्टुलामागे कोणीही उभे नव्हते.

“सोमवारी मी आसगावले असन.” ती उठली. “तुमाले शिक्षा व्हावी असं माहं म्हननं नाही, भाऊजी. मी माही पोरगी मागून राहिली.”

मुलीच्या वहीतून फाडून आणलेले चार कोरे कागद तिने टेबलावर ठेवले आणि ती बसच्या दिशेने निघून गेली. हा मजकूर त्याच कागदांवर आहे.

तरी गैरअर्जदाराचे कबुलीपूर्वक म्हणणे असे की, अर्जदाराने वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत सांगितले होते, व मी ते ऐकले होते. जबाबातील ती ओळ माझी आहे, तिची नाही. रविवारी पाहुणे चहाला बसण्यापूर्वी हे सर्व मी आईच्या कानाशी बसून वाचीन, चुलत्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचीन, आणि एक प्रत ठाण्यात नेऊन देईन. मुलगी तिच्या आईजवळच राहावी, मग ती आई येथे राहो अथवा माहेरी, असा निर्णय घरातील वडीलधाऱ्यांनी त्याच बैठकीत द्यावा, ही नम्र विनंती. माझ्याबाबत काय करावे हे अर्जदाराने ठरवावे, आणि आपले उत्तर माझ्या आईमार्फत न देता मला समोर बोलावून द्यावे. ते कठोर असले तरी माझी हरकत राहणार नाही.