मांडीवरचं सूत

आमच्या आंधळगावच्या घरात पुरुष माणूस आतल्या खोलीजवळ आला की आधी खाकरतो. त्या खोलीत आम्ही बाया साडी मांडीपर्यंत वर घेऊन कोशाचं रेशीम काढत बसतो. शिजवलेल्या चार-पाच कोशांचे तंतू एकदम ओढायचे आणि उघड्या मांडीवर तळहातानं वळायचे, की सूत तयार. माझ्या सासूनं जन्मभर हेच केलं, मीही हेच करते. उजव्या मांडीवर काळा, चपटा घट्टा पडलाय. लेक लहान असताना त्यावर हात फिरवत झोपायची. चौदावं लागलं आणि एक दिवस तोच घट्टा बघून ती "छी" म्हणाली.

तेव्हापासून आमच्या घरातलं हवामान कोणी सांगू शकत नाही. सकाळी गळ्यात पडते, दुपारी दार आपटते. डोक्याला तेल लावू का विचारलं तरी रडते. मैत्रीण बोलली नाही तर त्यालाही मीच जबाबदार. मीही काही गरीब गाय नाही, दोन ऐकून घेते आणि चार सुनावते. पण लांब उडीचं नाव काढलं की तिचं डोकं थाऱ्यावर येतं. शेजारच्यांनी बांधकामाला आणलेली वैनगंगेची वाळू तिनं उड्या मारून मारून अर्धी रस्त्यावर पसरवली, आणि बोलणी मी खाल्ली.

यंदा मोहाडीच्या तालुका स्पर्धेसाठी शाळेनं तिला निवडलं. हाफपँटही दिली. ती घालून पोर अंगणात आली आणि रस्त्यासमोरच्या उघड्या छपरीत खुर्ची टाकून बसलेल्या भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावानं, पाहिलं. घरात त्यांचा शब्द शेवटचा. पायजमा घालून जायचं, नाहीतर जायचंच नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. लेकीनं परोपरीनं समजावलं, की पायजम्याचा घोळ मागे वाळूला टेकतो आणि उडी तिथूनच मोजतात.

"मंग मोजू दे कमी," ते म्हणाले. "आपल्या घरच्या पोरीचे पाय गावानं पाहाचे नाही."

नवरा मागावर बसला होता. त्याचा माग क्षणभर थांबला आणि पुन्हा खटखटू लागला. लेक आत पळाली आणि जाता जाता डाफरली माझ्यावरच, की तू तरी कुठं काही बोलतेस.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कोशांचं गंज-पातेलं आणि पाट उचलून छपरीत आणला, भासऱ्यांच्या खुर्चीसमोर मांडला, साडी वर घेतली आणि सूत वळायला बसले. लग्न झाल्यापासून त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता.

त्यांनी मान फिरवली. "हे काय चालवलं हाय?"

"रोजचंच काम करून राहिली, भाऊजी. ह्याच मांडीवरच्या सुतानं ह्या घरचा माग चालते. तवा कोनाले लाज नाही वाटली. मंग पोरीच्या पायाची कायले वाटते?"

ते चपला न घालताच बाहेर गेले. माग बंद पडला होता. आणि जिच्यासाठी मी हे सगळं मांडलं, ती दारातून कुजबुजली, "आई, साडी खाली घे ना, लोक पाहून राहिले."

मला हसू आवरेना. म्हटलं, तू तुझी पँट घाल, माझ्या साडीचं मी पाहते.

दुसऱ्या दिवशीही मी छपरीतच बसले, आणि तिसऱ्याही. बायांनी नावं ठेवली. ठेवोत बापड्या. छपरीत उजेड चांगला असतो, तंतू डोळ्यांना दिसतो, आणि आतल्या अंधारात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या डोळे फोडत बसलो होतो. याचा मला अजून राग येतो.

मोहाडीला तिला नवऱ्यानंच मोटरसायकलवर नेलं. पोर तिसरी आली. वेशीपाशीच गाडीवरून उतरून, वाळूनं माखलेल्या पायांनी, हाफपँटवरच गावातून चालत घरी आली, आणि पंचांच्या नावानं खडे फोडत माझ्या पाटाशेजारी फतकल मारून बसली. बोलता बोलता तिचा हात कधी माझ्या घट्ट्यावर गेला, तिलाही कळलं नसावं.

तेवढ्यात बाहेर कोणी खाकरलं. भासरे होते. स्वतःच्याच छपरीच्या पायरीशी, चपलेत घुटमळत.

मी साडी खाली घेतली नाही. लेकीनं मान वर केली.

"मोठे बाबा, खाकरता काहून? या ना. आम्ही आता इथंच बसतो."