जयवंतच्या संगणकातले तीन पायथन

डिचोलीच्या जयवंत गावसला एक खोड होती. कुठलीही वस्तू आतून उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. खाणीच्या वजनकाट्यावर त्याने बावीस वर्षं काढली. खाणी बंद पडल्या तेव्हा बाकीचे सरकारला शिव्या घालत बसले, आणि हा बहाद्दर ऑफिसने मोडीत काढलेला संगणक घरी घेऊन आला. पंचेचाळिसाव्या वर्षी एका पुस्तकावरून तो पायथन नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिकला. गावाने त्याला वेड्यात काढलं. त्याने गावाकडे लक्ष दिलं नाही.

त्या भाषेत त्याने कामाचा असा एकच प्रोग्राम लिहिला, तो माटोळीचा. चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-फुलं बांधतात, ती माटोळी. जयवंतचा थोरला भाऊ कृष्णनाथ त्यातला दर्दी. कुठलं फळ कुठल्या डोंगरावर, कुठल्या ओहळाकाठी, सगळं त्याच्या डोक्यात. जयवंत त्याला बोलतं करायचा आणि तो सांगेल ते शब्दाला शब्द संगणकात टिपून ठेवायचा. यंदा शिमग्यानंतर कृष्णनाथला अर्धांगवायूचा झटका आला. काठी टेकत तो चालू लागला, पण वाचा गेली ती गेलीच. तेव्हापासून तो बलकावात, घराच्या पुढच्या ओसरीवर, बसून रस्ता बघत राही. रानाचं नाव नाही. आता ते सगळं रान जयवंतच्या संगणकातच काय ते उरलं होतं.

आणि आमच्या शहाण्याने काय केलं? चवथीला आठ दिवस होते. घरोघर माळे झाडले जात होते, जुनंपानं बाहेर फेकलं जात होतं. जयवंतने संगणकही झाडायला घेतला. आत तीन आवृत्त्यांचे तीन पायथन निघाले: माटोळीचा प्रोग्राम चालवणारा जुना दोन-सात, संगणक चालवणाऱ्या लिनक्सबरोबर आलेला मधला, आणि हौसेने बसवलेला नवाकोरा. एका घरात तीन-तीन कशाला? नवा ठेवला, दोन काढून टाकले. पुन्हा संगणक लावला तर काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ.

दादाचं बोलणं आपण आपल्या हातांनी पुसलं, असंच त्याला वाटलं. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही.

रविवारी मुलगी सिद्धी आली. ती मोपाच्या विमानतळावर संगणक विभागात कामाला.

"बाबा, तुमी कितें केलें हें?"

"चवथीची साफसफाय."

ती हसणार होती, पण बापाचं तोंड बघून थांबली. "फायल आसा, भियेनाकात. मधलो पायथन तुमचो न्हय, मशिनीचो. तिचें अर्दें काम ताच्याच जिवार चलता."

तिने आधी तो परत बसवला. पडदा उजळला. मग जयवंतने घाईघाईने माटोळीचा प्रोग्राम नव्या पायथनला दिला. तो अडला. सिद्धीने चार ठिकाणी डागडुजी करून रेटला, तेव्हा फळांच्या नावांऐवजी नुसती चित्रविचित्र चिन्हं उमटली.

"अक्षरां तींच, मगे हाका कित्याक वाचूंक येनांत?" एवढ्या काळजीतही जयवंतची खोड जाईना.

"जुन्यान लिपी कंची ताची नोंदच करूंक ना. नव्याक तें सांगचें पडटा. आतां जुनोच हाडूया."

"तो आयलो म्हण हे दोग मोडले तर?"

"ना बाबा. सगळे रावतले. ज्या फोल्डरांत तुमी आसात, थंयचो पायथन जाप दितलो."

तिने जुना पायथन एका वेगळ्या कोपऱ्यात बसवला आणि माटोळीच्या फोल्डरमध्ये एका ओळीची फाईल ठेवली. तिच्यात फक्त आवृत्तीचा आकडा. जयवंतने फोल्डरात शिरून विचारलं, तू कोण? उत्तर आलं, दोन-सात. बाहेर येऊन विचारलं. नवा. परत आत, परत बाहेर. अकरा वेळा तरी त्याने खात्री केली असेल.

स्वयंपाकघरातून बायको भाग्यलक्ष्मी म्हणाली, "तुमकां आज कळ्ळें? ह्या घरांत नुस्त्याचें आयदन वेगळें, शिवराकाचें वेगळें. तीस वर्सां एकाच चुलीर चलता."

मासळीचं भांडं वेगळं, शाकाहारी वेगळं, पण चूल एकच: जयवंतला हे एकदम पटलं.

प्रोग्राम चालला. कृष्णनाथला आत आणून खुर्चीत बसवलं आणि जयवंत मोठ्याने वाचू लागला. "नागकुडो: व्हाळाच्या पलतडी, मोठ्या फातराकडेन." दादाचेच शब्द, दादाचाच हेल. एकसष्ट फळं झाली. शेवटचं कवंडळ. त्याच्यासमोर जागेऐवजी लिहिलं होतं: "मागीर सांगतां." नंतर सांगतो.

माटोळीवाला आपली एखादी जागा सख्ख्या भावालाही लवकर सांगत नाही. टिपून घेताना जयवंत यावर हसला होता. आता त्याला रडू आवरेना.

"दादा, म्हाका तेन्नाच विचारूंक जाय आशिल्लें," तो म्हणाला आणि त्याने तोंड ओंजळीत लपवलं.

काठीचा आवाज आला तेव्हा त्याने मान वर केली. कृष्णनाथ दारात उभा होता, पायांत वहाणा, काठी चौकटीला टेकवलेली. कंबरेला कोयती अडकवायला चालता असलेला एकच हात पुरत नव्हता, म्हणून ती जयवंतपुढे धरून तो वाट बघत होता.