घासलेला ट्रे

डुकराचं मांस मी जन्मात खाल्लं नव्हतं, मग शिजवणं तर लांबच. पण मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "रोस्ट पोर्क येतं ना?" तेव्हा मी मान अशी हलवली, जणू आमच्या वाडीत सणावाराला तेच शिजतं. खोटं बोलायला जीभ लागते असं नाही, मानही पुरते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मस्कतजवळ अल अमेरातच्या एका लेबर कँपात मी आचारी होतो. कंपनी बंद पडली, अर्बाब, म्हणजे आमचा अरबी मालक, "खलास" म्हणून मोकळा झाला आणि महिन्याभरात दुसरा मालक शोध, नाहीतर व्हिसा रद्द, असं मला सांगण्यात आलं. त्याच महिन्यात मस्कतच्या अझैबा भागात एका गोऱ्या साहेब-मॅडमच्या बंगल्यात मला ट्रायलवर ठेवलं. पसंत पडलो तर तेच व्हिसा करणार होते.

घरी परत जायला मला तोंड नव्हतं. आधी एकदा दुबईहून तीन महिन्यांत परतलो होतो आणि तेव्हापासून बायको काजूच्या फॅक्टरीत बिया फोडायला जायला लागली होती. त्या टरफलातल्या तेलानं बोटं जळतात, काळी पडतात, कातडी सोलून निघते. त्यावर तिचा उपाय एकच, कामाला बसण्याआधी हातांना राख फासायची. राखेचा डबा चुलीमागच्या फळीवर असायचा. मस्कतला निघालो त्या सकाळी मी ऐटीत म्हटलं, "आता फेकून दे तो डबा." ती हसली आणि म्हणाली, "तुमचं पत्र येऊ दे, मग फेकते." पत्र गेलं, तिनं फॅक्टरी सोडली. बोटांना नवी कातडी आल्याचं तिनं मला कळवलंही होतं.

बंगल्यात माझ्याशी मराठीत बोलणारा एकच माणूस होता, तिथला ड्रायव्हर. रत्नागिरीकडचा मुसलमान, पन्नाशी उलटलेला. मी त्याला चाचा म्हणायचो. मगरीबची, म्हणजे संध्याकाळची नमाज झाली की तो किचनमध्ये चहाला यायचा. माझ्या आधीच्या आचाऱ्यानं पोर्कला हात लावायला नकार दिला, तर मॅडमनी त्याला त्याच आठवड्यात घरी पाठवलं, हे त्यानंच मला सांगितलं होतं. "माझ्या किचनात काय चांगलं, काय वाईट ते मी ठरवणार," असं त्या म्हणाल्या होत्या.

साहेबांना हार्टचा त्रास. तीन महिने बिचारे उकडलेल्या भाज्या चघळत होते. शेवटी डॉक्टरनं एका जेवणाची परवानगी दिली. मांस बिनचरबीचं हवं, तेल एक चमचा, सॉसमध्ये लोणी नाही, मैदा नाही. "गुरुवारचं हे जेवण झालं की तुझे कागद करायला देऊ," मॅडम म्हणाल्या. सॉसचं मी विचारणार होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "सॉस अगदी सोपा आहे, शेवटी करू." मी पुन्हा मान हलवली.

सुपरमार्केटात त्या मांसाची खोली वेगळी होती. चाचा गाडीत थांबला, मी आत जाऊन पाठीचा तुकडा घेऊन आलो. घरी चरबी तासून काढली, मीठ, मिरी, लसूण चोळला, ट्रेमध्ये कांदा, गाजर पसरून त्यावर तुकडा ठेवला. आमच्याकडे मटण शिजल्याचं वासावरून कळतं. हा वास माझ्या ओळखीचा नव्हता, म्हणून दर दहा मिनिटांनी ओव्हनमध्ये वाकून बघत होतो. पण तुकडा सुरेख भाजला गेला. मी तो भाज्यांसकट ताटात काढून झाकून ठेवला. त्या दिवसातली माझी तीच एक खुशी.

इतक्यात अजान झाली. आता चाचा येणार, आणि सिंकमध्ये हा ट्रे. माणूस समोर बसून चहा पिणार आणि त्याच्या नाकासमोर हे, मला ते बरं वाटेना. मी कढत पाणी सोडलं, साबण घातला, तारेच्या घासणीनं तळाशी चिकटलेलं काळं-तांबडं सगळं खरवडून काढलं आणि ट्रे लख्ख करून उभा ठेवला. चाचा आला, चहा पिऊन गेला. मला वाटलं, आज सगळं नीट झालं.

मॅडम आत आल्या. हातात सफरचंदाच्या रसाचा ग्लास. "ट्रे कुठाय?"

मी ट्रे दाखवला. त्यांनी आत बोट फिरवलं, बोट नुसतं ओलं झालं. "अरे, सॉस यातच होतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तळाला जे चिकटतं ना, त्यावर रस ओतून सोडवून घ्यायचं. बस, तेवढाच सॉस."

खरवड! दुधाच्या टोपाच्या खरवडीसाठी मी सख्ख्या भावाशी मारामाऱ्या केल्यात. मला खरवडीची किंमत कळत नाही असं कोण म्हणेल? तरी मी सिंकच्या जाळीत बोटं घातली. हाताला कांद्याचा एक तुकडा लागला, त्यालाही साबणाचा वास. ताटात साठलेलं चमचाभर पाणी मी पातेल्यात ओतलं, कापून टाकलेली चरबी कचऱ्यातून काढून परतायला निघालो. मॅडमनी माझा हात धरला. "त्यांना हे चालत नाही," त्या म्हणाल्या. मला तिथंच खाली बसून रडावंसं वाटत होतं.

साहेबांनी कोरडा तुकडा पाण्याबरोबर गिळला आणि अर्धा तसाच ठेवला.

मॅडमनी विचारलं, "एवढी घाई कसली होती घासायची?" चाचाचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. ते घेतलं असतं तर कदाचित मी वाचलो असतो. पण मग मॅडमचा आधीच्या आचाऱ्यावरचा राग त्याच्याकडे वळला असता. "सवय," मी म्हणालो.

"ट्रेचं काही नाही," त्या म्हणाल्या. "पण तुला येत नव्हतं आणि तू विचारलं नाहीस. त्यांचं खाणं मी अशा माणसाच्या हाती कसं देऊ?"

पुढच्या आठवड्यात दुपारच्या विमानाला सोडायला चाचाच आला. व्हिसा सकाळीच रद्द झाला होता. गाडीत त्यानं खोदून खोदून विचारलं, तेव्हा मी सांगितलं.

"अरे, अकरा वर्षं त्याच किचनात चहा पितोय मी," तो म्हणाला. "तो ट्रे काय मी कधी बघितलाच नाय? तोंड फिरवून बसतो. मला विचारायचं तरी होतंस."

परत येतोय अशी तार मी आधीच केली होती. घरी पोचलो तेव्हा बायको चुलीशी होती. तिनं उठून पाणी दिलं. पेला देणारी बोटं गोरी, मऊ, नव्या कातडीची होती. मी नजर वळवली, ती नेमकी चुलीमागच्या फळीवर गेली. डबा जागेवरच होता. मी झाकण उघडलं. आत ताजी चाळलेली राख काठोकाठ भरलेली होती.